चेखव कुठून वाचायला घ्यावा

‘तीन बहिणी’ हे नाटक मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पहिल्या अंकातच गाडी अडकली. घरात समारंभ, डझनभर माणसं, प्रत्येकाला तीन-तीन नावं. सगळे खातात, पितात, मॉस्कोला जायच्या गोष्टी करतात आणि कुणीच कुठं जात नाही. दुसऱ्या अंकापर्यंत कोण कुणाची बायको हेच लागेना, तेव्हा पुस्तक कपाटात गेलं ते तीन वर्षं बाहेर आलं नाही. चूक नाटकाची नव्हती, माझ्या क्रमाची होती. चेखवकडे मागच्या दारानं, म्हणजे त्याच्या छोट्या विनोदी गोष्टींतून जावं लागतं. पुढे सांगितलेला क्रम तसाच पाळला तर दोन-तीन महिन्यांत, रोज अर्धा तास देऊन, माणूस नाटकांपर्यंत आरामात पोचतो.

आधी लेखकाबद्दल, पण चार ओळींतच. अंतोन पावलोविच चेखव. जन्म १८६०, अझोव समुद्राकाठच्या तागानरोग गावात. आजोबा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, होते. पैसे भरून त्यांनी स्वतःची आणि घरच्यांची सुटका करून घेतली. वडिलांचं किराणा दुकान १८७६ मध्ये बुडालं आणि ते देणेकऱ्यांना चुकवून मॉस्कोला गेले. अंतोन शाळा संपवायला एकटा मागे राहिला. पुढे मॉस्कोत वैद्यकीचं शिक्षण आणि त्याच काळात घरखर्चासाठी विनोदी साप्ताहिकांत ‘अंतोशा चेखोंते’ या टोपणनावानं गोष्टी. १८८४ मध्ये डॉक्टर. १९०४ मध्ये जर्मनीतल्या बाडेनवायलर गावी क्षयानं मृत्यू, वय ४४. एवढं पुरे. चरित्र आधी वाचू नका. मग प्रत्येक खोकणाऱ्या पात्रात तुम्हाला लेखकच दिसायला लागतो.

पुस्तक मिळवा

मराठीत शोधताना पहिली अडचण स्पेलिंगची. चेखव, चेखोव, चेकॉव्ह, चेखॉव्ह, चेकोव्ह अशी सगळी रूपं छापली गेली आहेत. ग्रंथालयाच्या यादीत एक रूप सापडलं नाही म्हणून परत फिरू नका, पाचही टाकून पाहा. मॉस्कोच्या प्रगती आणि नंतर रादुगा प्रकाशनाची सोव्हिएत काळातली इंग्रजी पुस्तकं अजूनही जुन्या पुस्तकांच्या ढिगांत अधूनमधून निघतात. कागद पिवळा पडलेला असतो, बांधणी मात्र टिकाऊ.

इंग्रजी चालत असेल तर कॉन्स्टन्स गार्नेटनं भाषांतर केलेले कथांचे १३ खंड (१९१६ ते १९२२) गुटेनबर्ग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. भाषा थोडी जुनी, पण वाचनीय. एक लक्षात ठेवा: एकाच कथेची नावं भाषांतरागणिक बदलतात. ‘तोस्का’ ही कथा कुठं ‘मिझरी’, कुठं ‘हार्टेक’, कुठं ‘ग्रीफ’ म्हणून येते. तीन वेगळ्या कथा समजून तीनदा वाचायला घेणारे मी पाहिलेत. (त्यातला एक मीच.)

नावांची चिठ्ठी करा

रशियन नावांना लोक घाबरतात. खरं तर मराठी माणसाला घाबरायचं कारण नाही, कारण आपणही मधे वडिलांचं नाव लावतो. अंतोन पावलोविच म्हणजे पावेलचा मुलगा अंतोन. मुलीला ‘ओव्हना’ किंवा ‘येव्हना’: वारवारा मिखाइलोव्हना म्हणजे मिखाइलची वारवारा. फरक एवढाच की आपलं मधलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहतं, त्यांचं रोजच्या बोलण्यात येतं. ‘अंतोन पावलोविच’ अशी हाक म्हणजे आपलं ‘अंतोनराव’. आडनाव न घेता, मान राखून.

दुसरीकडे लाडाची आणि तुच्छतेची नावं. इव्हानचा वान्या होतो, जसा विठ्ठलचा विठू. वान्याचा वांका होतो, जसा विठूचा विठ्या. पुस्तकात खूण म्हणून घालायच्या चिठ्ठीवरच प्रत्येक माणसाची सगळी रूपं एका ओळीत लिहून ठेवा. कोण कुणाला कुठल्या रूपानं हाक मारतो हे त्या चिठ्ठीवरून कळलं की निम्मं नातं उलगडतं.

पहिला आठवडा: हसण्याच्या तीन गोष्टी

‘कारकुनाचा मृत्यू’, ‘जाड्या आणि रोड्या’ (दोन्ही १८८३) आणि ‘सरडा’ (१८८४). प्रत्येक गोष्ट तीन-चार पानांची. साप्ताहिकात जागाच तेवढी मिळायची, आणि त्या तंगीनं या लेखकाला घडवलं असं माझं मत आहे. मोठ्यानं वाचा, घरात कुणी ऐकणारं असेल तर उत्तम.

‘सरडा’ सोपी आहे आणि शीर्षक मराठीत फुकट फळतं, कारण रंग बदलणारा सरडा आपल्याकडेही म्हणीसारखा वापरला जातो. बाजारात एका माणसाच्या बोटाला कुत्रं चावलंय. फौजदार ओचुमेलोव येतो. कुत्रं बेवारस असेल तर मारून टाका. जनरलसाहेबांचं असेल तर चूक बोटाची. दर दोन मिनिटांनी गर्दीतून नवी बातमी येते आणि दर वेळी त्याचा न्याय उलटतो. या उलटापालटीत तो शिपायाला एकदा सांगतो, माझा कोट काढ, फार उकडतंय. मग सांगतो, कोट चढव रे, वारा सुटलाय. बाजारातली हवा तीच, फिरतो तो फक्त त्याच्या मनातला जनरल.

‘जाड्या आणि रोड्या’वर मात्र थांबा. रेल्वे स्टेशनवर शाळेतले दोन मित्र भेटतात. जाड्या नुकताच जेवलाय, त्याच्या अंगाला शेरीचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास. रोड्याच्या अंगाला हॅमचा आणि कॉफीच्या गाळाचा. मिठ्या, चुंबनं, एकमेकांना नावानं हाका: ‘अरे मिशा!’, ‘अरे पोर्फिरी!’ रोड्या बायकोची, मुलाची ओळख करून देतो, नोकरीत किती चढलो ते सांगतो. मग विचारतो, तू कुठवर पोचलास? जाड्या सांगतो. सरकारी नोकरीत तेव्हा १४ श्रेण्या होत्या. रोड्या आठव्या श्रेणीवर, आणि जाड्या तिसऱ्या. रोड्या पांढराफटक पडतो, आक्रसतो. त्याच्या पेट्या आणि बोचकीसुद्धा आक्रसतात, बायकोची लांब हनुवटी आणखी लांब होते, मुलगा सावधानमध्ये उभा राहून गणवेशाची बटणं लावतो. आणि रोड्या बायकोची आणि मुलाची ओळख पुन्हा, पहिल्यापासून, करून देतो. या वेळी ‘आपण’, ‘साहेब’, ‘हें हें’ करत.

इथं मराठी वाचकाचा नशिबानं फायदा होतो. रशियनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. इंग्रजी भाषांतरकाराला हा घसरगुंडीचा क्षण ‘युअर एक्सलन्सी’ वगैरे लावून दाखवावा लागतो. आपल्याला अरे-तुरेवरून अहो-जाहोवर कोसळणारा माणूस कानानंच कळतो. म्हणून इंग्रजीतून वाचत असाल तरी संवाद मनात मराठीत करून घ्या, आणि कुठं ‘तू’ कुठं ‘तुम्ही’ येईल ते ठरवत जा. चेखव वाचण्याची मला सापडलेली सगळ्यांत चांगली युक्ती हीच.

या गोष्टीत एक कारागिरीही आहे. मूळ छापील गोष्टीत जाड्या हा रोड्याचा वरिष्ठ अधिकारीच होता. १८८६ मध्ये संग्रहासाठी हात फिरवताना चेखवनं ते काढून टाकलं. म्हणजे आता रोड्याला जाड्याकडून काही मिळायचंही नाही आणि त्याच्यापासून धोकाही नाही. तरी तो वाकतो.

‘कारकुनाचा मृत्यू’ शेवटी वाचा. नाटकगृहात एक कारकून शिंकतो, शिंतोडे पुढच्या रांगेतल्या जनरलच्या टकलावर उडतात. कारकून माफी मागतो, परत मागतो, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मागतो. जनरल शेवटी ओरडतो. कारकून घरी येतो, अंगावरचा गणवेश न काढता कोचावर आडवा होतो, आणि मरतो. शेवटचा शब्द तेवढाच. हसू आलं आणि मग थोडं अवघडल्यासारखं झालं तर पुढच्या पायरीला तुम्ही तयार आहात.

मग तीन गोष्टी ज्यांत हसू येत नाही

‘तोस्का’ आणि ‘वांका’ (१८८६), आणि ‘झोप’ (१८८८). या एका बैठकीत संपवू नका. दिवसाला एक, आणि नंतर मोबाइल हातात घेऊ नका.

‘तोस्का’मध्ये पीटर्सबर्गच्या बर्फात घोड्याची गाडी हाकणारा म्हातारा इओना आहे. त्याचा मुलगा या आठवड्यात वारलाय. गिऱ्हाइकांना तो सांगू पाहतो, कुणाला वेळ नाही. लष्करी अधिकारी घाईत, तीन टोळभैरव शिव्या घालतात, तरुण गाडीवान पाणी पिऊन डोक्यावर पांघरूण ओढतो. शेवटी तबेल्यात तो घोडीलाच सांगतो: समज, तुला एक शिंगरू आहे, आणि तू त्याची सख्खी आई… घोडी चघळते, ऐकते, मालकाच्या हातावर श्वास सोडते.

‘तोस्का’ला मराठी शब्द कुठला? ‘दुःख’ फार जाड आहे, ‘खंत’ फार पातळ. ‘तगमग’ जवळ जातो, पण त्यात उकाडा आहे आणि इथं बर्फ. मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही वाचून झाल्यावर तुमचा शब्द समासात लिहून ठेवा.

‘वांका’ म्हणजे चांभाराकडं कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा मुलगा. नाताळच्या आदल्या रात्री आजोबांना पत्र लिहितो, मला घेऊन जा म्हणतो, आणि पाकिटावर पत्ता घालतो: ‘खेड्यात, आजोबांना’. ‘झोप’बद्दल काही सांगत नाही.

लांब कथा

आता बहुतेक लांब कथा; ‘विद्यार्थी’ तेवढी चार-पाच पानांची. माझी निवड पक्षपाती आहे: ‘वॉर्ड नंबर सहा’ (१८९२), ‘विद्यार्थी’ (१८९४), ‘गूजबेरी’ (१८९८), ‘कुत्रावाली बाई’ (१८९९), ‘दरीत’ (१९००). ‘गूजबेरी’ हाताशी असेल तर तिच्या आगेमागच्या ‘कवचातला माणूस’ आणि ‘प्रेमाविषयी’ याही वाचा; तिन्ही एकाच मित्रमंडळात सांगितलेल्या आहेत. ‘स्टेप’ ही लांबलचक कथा फार कौतुकाची, पण नवख्यानं पुढच्या वर्षासाठी ठेवावी. तिच्यात गवत आहे, आकाश आहे आणि एक बैलगाडीच्या चालीचा प्रवास आहे.

या पाचांत एक अधिक, आपल्या बाजूच्या समुद्रातली म्हणून: ‘गुसेव’ (१८९०). त्या वर्षी चेखव सायबेरिया ओलांडून साखालिन बेटावर गेला, तिथल्या कैद्यांची शिरगणती त्यानं स्वतः कार्डं भरून केली, आणि परतताना बोटीनं हाँगकाँग, सिंगापूर, सिलोन असा आला. सिलोन त्याला स्वर्ग वाटला. तिथून त्यानं मुंगूस विकत घेऊन थेट मॉस्कोला नेलं. त्या बोटीवर मेलेल्या माणसांना समुद्रात सोडताना त्यानं पाहिलं होतं. ‘गुसेव’मध्ये कॅनव्हासात शिवलेलं एका शिपायाचं प्रेत पाण्यात खाली खाली जातं, मासे आणि शार्क भोवती येतात, आणि वर आकाशात रंग बदलत राहतात.

‘कुत्रावाली बाई’ कशी वाचावी ते जरा जवळून सांगतो. याल्टा या समुद्रकाठच्या गावी सुटीला आलेला विवाहित गुरोव आणि विवाहित आन्ना. हॉटेलच्या खोलीत पहिल्या भेटीनंतर ती खचून बसलीय, आता तुम्ही माझा मान ठेवणार नाही म्हणते. टेबलावर कलिंगड आहे. गुरोव एक फोड कापतो आणि सावकाश खायला लागतो. निदान अर्धा तास कुणी बोलत नाही. लेखक गुरोवला नावं ठेवत नाही, तिची बाजू घेत नाही. तो फक्त कलिंगड टेबलावर ठेवतो.

पुढं मॉस्कोत गुरोवला तिच्याशिवाय करमेना. एका रात्री क्लबातून बाहेर पडताना पत्त्यांच्या जोडीदाराला तो न राहवून म्हणतो, याल्टात किती गोड बाई भेटली मला, तुम्हाला काय सांगू! जोडीदार घसरगाडीत बसतो, निघतो, आणि अचानक मागं वळून हाक मारतो: अहो, तुमचंच खरं होतं, मघाचा मासा जरा वासच मारत होता! या एका वाक्यानं गुरोवचा संताप उसळतो आणि कथा वळते. चेखवमध्ये ‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हा मासा दाखवतो. पेन्सिल घेऊन बसा, आणि जिथं कुणीतरी भलतंच बोलतं तिथं समासात खूण करा. नाटकात हीच खूण कामाला येईल.

नाटकांकडे, पण एकांकिकेतून

‘मागणी’ ही एकांकिका सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द प्रपोजल’ म्हणून आहे, त्यामुळं घरातल्या पोरांना कदाचित तुमच्याआधी माहीत असेल. लोमोव काळा कोट, पांढरे हातमोजे घालून शेजारणीला मागणी घालायला येतो, आणि मागणी राहते बाजूला, बांधाच्या कुरणावरून दोघं भांडतात. ते मिटतं तर कुणाचं कुत्रं चांगलं यावरून. जमिनीच्या बांधावरून पिढ्यान्पिढ्या न बोलणारी घरं ज्यानं पाहिलीत त्याला टीपा लागणार नाहीत. तीन पात्रं आहेत. तिघांनी वाटून घेऊन दिवाणखान्यातच मोठ्यानं वाचा. पाऊण तासात होते. ‘अस्वल’ (१८८८) तशीच, पुढच्या रविवारी.

मोठी नाटकं चार: ‘सीगल’, ‘वान्यामामा’, ‘तीन बहिणी’, ‘चेरीची बाग’. लिहिली गेली त्या क्रमानं वाचू नका. ‘वान्यामामा’पासून सुरू करा, कारण माणसं कमी आणि गुंता घरगुती.

आणि हो, मामाच. इंग्रजी ‘अंकल’मुळं काका, मामा, कोणीही होतं. पण वान्या हा नाटकातल्या सोन्या या तरुणीच्या वारलेल्या आईचा भाऊ आहे, आणि नाटकाचा कणा त्या एका नात्यात आहे. ही जमीन वान्याच्या वडिलांनी बहिणीच्या हुंड्यासाठी घेतली: किंमत ९५ हजार रुबल, भरले ७० हजार, उरलं २५ हजारांचं कर्ज. वान्यानं बहिणीसाठी आपला वाटा सोडला आणि दहा वर्षं बैलासारखं राबून ते फेडलं. पुढंही राबला, वर्षाला ५०० रुबल पगारावर, आणि सगळं उत्पन्न मेहुण्याला, म्हणजे प्राध्यापक महाशयांना, पाठवत राहिला. आता बहीण नाही, मेहुण्याची दुसरी तरुण बायको आहे, आणि मेहुणा म्हणतो की जमीन विकून टाकू. हे सगळं मराठी कानाला ‘मामा’ म्हणताच निम्मं समजतं. तिसऱ्या अंकात मामा पिस्तूल झाडतो, दोनदा, आणि दोन्ही नेम चुकतात.

वाचताना दोन गोष्टी करा. संहितेत जिथं जिथं ‘पॉज’ लिहिलाय तिथं खरोखर थांबा, मनात चार मोजा. आणि माणसं ज्याबद्दल बोलतात ते बाजूला ठेवून, ती कशाबद्दल बोलत नाहीयेत ते विचारा. चौथ्या अंकात डॉक्टर आस्त्रोव निघालाय, सगळं मोडून झालंय, आणि तो भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशाकडं बघून म्हणतो, त्या आफ्रिकेत आत्ता भयंकर उकडत असेल. टाळी घेणारं वाक्य नाही. नवखा नट ते टाकून देतो किंवा विनोद करून म्हणतो. दोन्हीनं अंक पडतो.

दुसरं ‘चेरीची बाग’. चेखवनं त्यावर ‘विनोदी नाटक’ असं लिहिलं, दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीनं मॉस्को आर्ट थिएटरमध्ये १९०४ च्या जानेवारीत ते रडवेलं करून बसवलं, आणि लेखक वैतागला. मला दोघांचंही थोडं पटतं. चौथ्या अंकातला एक प्रवेश तालमीसारखा वाचून बघा. भूदासाचा नातू असलेल्या लोपाखिननं बाग लिलावात घेतलीय. घरातली मानलेली मुलगी वार्या आणि तो, यांचं लग्न होणार असं सगळे कधीपासून धरून चाललेत. आता दोघांना मुद्दाम एकटं सोडलंय. वार्या सामानात काहीतरी शोधल्यासारखं करते.

तो विचारतो, आता तुम्ही कुठं जाणार? ती सांगते, अमक्यांकडे, घर सांभाळायला. तो म्हणतो, गेल्या वर्षी या सुमारास बर्फ पडायला लागला होता, यंदा ऊन आहे. गारठा मात्र आहे, उणे तीन. ती म्हणते, मी पाहिलं नाही. मग थांबून: आणि आमचं थर्मामीटर फुटलंय.

पॉज. बाहेरून कुणीतरी लोपाखिनला हाक मारतं. जणू या हाकेचीच वाट पाहत होता तसा ‘आलोच’ म्हणत तो निघून जातो. ती जमिनीवर बसते, गाठोड्यावर डोकं ठेवते.

हा प्रवेश दोघांनी तीनदा वाचा. एकदा दोघांचंही प्रेम आहे असं धरून, एकदा फक्त तिचं, एकदा कुणाचंच नाही. शब्द एकही बदलावा लागत नाही. आमच्या चौघांच्या वाचनात यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला आणि चहा तीनदा झाला.

‘सीगल’ तिसरं. १८९६ मध्ये पीटर्सबर्गला त्याचा पहिला प्रयोग साफ पडला. एका लोकप्रिय विनोदी नटीच्या मदतीसाठी लावलेला खेळ, प्रेक्षक हसायला आलेले. चेखव निघून गेला आणि पुन्हा नाटक लिहिणार नाही म्हणाला. दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरनं तेच उचलून धरलं, इतकं की त्या पक्ष्याचं चित्र त्यांच्या पडद्यावर आलं. नाटकात एक तरुण लेखक दुसऱ्या यशस्वी लेखकावर जळून म्हणतो की त्याला काय, बांधावर फुटक्या बाटलीचं तोंड चमकवलं की त्याची चांदणी रात्र तयार. ही युक्ती चेखवची स्वतःची. दहा वर्षांपूर्वी, १८८६ मध्ये, भावाला पत्रात त्यानं हीच शिकवली होती. स्वतःचीच टिंगल किती शांतपणे केलीय बघा.

आता कपाटातून ‘तीन बहिणी’ काढा. नावांची चिठ्ठी नवी करा, ती मोठी होईल. भावाची बायको होणारी नताशा हळूहळू सगळं घर कसं बळकावते ते पाहत राहा, मॉस्को आपोआप मागं पडतं. चौथ्या अंकात धाकट्या बहिणीचा, इरिनाचा, होणारा नवरा तुझेनबाख द्वंद्वयुद्धाला निघालाय. इरिनाला त्यानं ते सांगितलेलं नाही. दोन पावलं जातो, वळतो, हाक मारतो, ‘इरिना!’ ती विचारते, ‘काय?’ त्याला सुचत नाही. मग म्हणतो, मी आज कॉफी प्यायलो नाही, करून ठेवायला सांग. आणि जातो. तिथं पुस्तक बोट घालून मिटा, थोडं थांबा, मग पुढचं पान उलटा.